रोमन लिपीतील विशेष चिन्हे, संगणकीय संकेतन आणि मराठी ग्रामनामे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन गावे आहेत. 'वरकुटे' हे नाव देवनागरीत लिहिताना कोणालाही अडचण येत नाही. व, र, क, उकार, ट आणि एकाराची मात्रा अशा सहा चिन्हांत ते मावते. मात्र हेच नाव रोमन लिपीत नेले की प्रश्न सुरू होतात. आरंभी 'व्ही' घालावा की 'डब्ल्यू', येथपासूनच मतभेद आहेत. त्याहून मोठी अडचण 'टी' या अक्षराची आहे. रोमन 'टी' पाहून परप्रांतीय वाचक 'वरकुटे' वाचेल की 'वरकुते', हे सांगता येत नाही. हा संभ्रम टाळण्यासाठी प्राच्यविद्येच्या अभ्यासकांनी 'टी'खाली टिंब देण्याची पद्धत रूढ केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या काटेकोर रूपात तर या नावातील अंत्य 'ई' या अक्षरावर आडवी रेघही द्यावी लागते.

टिंब दिलेला 'टी', आडवी रेघ दिलेला 'ए', तिरकी रेघ दिलेला 'ए' ही रोमन लिपीतील विशेष चिन्हे होत. संगणकाच्या इतिहासात त्यांना जागा कशी मिळाली, हा प्रश्न वरवर पाहता युरोपीय भाषांचा वाटतो. तथापि तो मराठीच्याही इतिहासाचा भाग आहे. कारण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर दिसू लागला, तो बव्हंशी याच विशेष चिन्हांच्या जागांवर मुक्काम करून. त्या मुक्कामात मराठी पडद्यावर आणि कागदावर दिसली, परंतु मराठी म्हणून तिची नोंद झाली नाही. प्रस्तुत लेखात या घटनेचा मागोवा वरकुटे, इंदापूर, बारामती व कऱ्हा या चार स्थलनामांच्या आधारे घेतला आहे.

खिळ्यांच्या काळातील तिरकी रेघ

इंदापूर तालुक्याला महसुली इतिहासात विशेष स्थान आहे. प्रिंगल यांची आकारणी फसल्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी भूमापनाचा आरंभ तो हाच. या पाहणीचे अहवाल इंग्रजीत लिहिले गेले. साहजिकच मोडीत लिहिली जाणारी गावांची नावे रोमन लिपीत उतरवावी लागली. ज्याच्या कानाला जसे ऐकू आले, तसे त्याने लिहिले.

या गोंधळाला शिस्त लावण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. विल्यम हंटर यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली आणि दीर्घ स्वरांसाठी अक्षरावर खूण देण्याचा प्रघात पडला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये (मुंबई इलाखा गॅझेटियरचा अठरावा खंड, तीन भाग) 'इंदापूर' मधील 'दा' आणि 'बारामती' मधील 'बा' व 'रा' दाखवण्यासाठी रोमन 'ए'वर उजवीकडे चढत जाणारी तिरकी रेघ दिलेली आढळते. 'ट' आणि 'त' यांतील भेद मात्र या पद्धतीने सोडून दिला. सरकारी कामाला दीर्घ स्वर पुरेसे वाटले, मूर्धन्य व्यंजने अनावश्यक वाटली. वरकुट्याच्या 'ट'वरील अन्याय एवढा जुना आहे.

छापखान्याच्या दृष्टीने तिरकी रेघ असलेला 'ए' हा एक वेगळा खिळा होता, इतकेच. जुळाऱ्याला तो केसमधील एका घरात सापडे. घर वाढवायचे असेल तर लाकडी खण वाढवता येत असे. संगणकाच्या बाबतीत तसे नव्हते. तेथे घरांची संख्या आधीच ठरलेली होती.

१२८ घरे आणि त्यांच्यापलीकडे

१९६३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या 'आस्की' या संकेतप्रणालीत सात बिट वापरले गेले. त्यामुळे एकूण १२८ जागा मिळाल्या. त्यांपैकी ३३ जागा यंत्राला आज्ञा देण्यासाठी राखून ठेवल्यावर लेखनासाठी ९५ उरल्या. एवढ्यात इंग्रजी सुखाने नांदते. फ्रेंच, जर्मन किंवा स्वीडिश भाषांना मात्र ही घरे अपुरी पडली. तेव्हा युरोपीय देशांनी तोडगा काढला, तो असा की आस्कीतील कमी वापराच्या चिन्हांच्या जागी आपापली अक्षरे बसवायची. ब्रिटिशांनी ३५ या क्रमांकावर पौंडाचे चिन्ह बसवले. जर्मनांनी आणि स्वीडिशांनी कंसांच्या जागी दोन टिंबांची अक्षरे घेतली. परिणामी स्वीडनमधील संगणक-लेखकांना आज्ञावलीतील महिरपी कंसांच्या ठिकाणी आपल्या भाषेतील स्वर दिसत असत. दुसऱ्याच्या घरात आपले अक्षर ठेवून काम भागवण्याची ही युक्ती पुढे मराठीने केली, ती युरोपने आधीच करून पाहिली होती.

बाइट आठ बिटांचा स्थिरावल्यावर आणखी १२८ जागा उपलब्ध झाल्या. या वरच्या मजल्यावर कोणी राहायचे, याबद्दल मात्र एकवाक्यता नव्हती. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने आपली मांडणी केली, अ‍ॅपलने आपली केली. १९८७ मध्ये आयएसओ ८८५९-१ हे मानक आले. त्याने पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरे १६० ते २५५ या क्रमांकांत बसवली. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी तीच मांडणी घेऊन १२८ ते १५९ या जागांत वळणदार अवतरणचिन्हे, लांब रेघा इत्यादींची भर घातली.

येथे २२५ या एकाच क्रमांकाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आयबीएमच्या मूळ मांडणीत २२५ म्हणजे जर्मनमधील जोड-'एस'. अ‍ॅपलच्या मांडणीत २२५ म्हणजे मधोमध असलेले टिंब. आयएसओ ८८५९-१ मध्ये २२५ म्हणजे तिरकी रेघ असलेला 'ए', म्हणजे कॅम्पबेल यांच्या 'इंदापूर' मधील 'दा'चा स्वर. संगणकात साठवलेला आकडा तोच राहतो, बदलते ते वाचणाऱ्या यंत्राचे कोष्टक. साठवणे आणि दाखवणे या दोन क्रिया भिन्न आहेत, ही गोष्ट या एका क्रमांकावरून स्पष्ट व्हावी.

आडवी रेघ दिलेले दीर्घ स्वर आयएसओ ८८५९-१ मध्ये नव्हते. ते १९८८ च्या आयएसओ ८८५९-४ या भागात आले, तेही लॅटव्हियन भाषेसाठी. त्यामुळे 'बारामती' हे नाव शास्त्रीय रोमन लेखनात लिहायचे असल्यास बाल्टिक देशांचे कोष्टक उघडावे लागे, आणि तेथेही टिंबाखालचा 'टी' मिळत नसे. ही अडचण भारतविद्येच्या जागतिक वर्तुळात तीव्रतेने जाणवत होती. १९९० मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आठव्या जागतिक संस्कृत परिषदेत संस्कृतच्या रोमन लिप्यंतरासाठी स्वतंत्र आठ-बिटी मांडणीवर सहमती झाली. काही अभ्यासकांनी मात्र विशेष चिन्हांचा नादच सोडला आणि मूर्धन्य व्यंजनांसाठी मोठी इंग्रजी अक्षरे वापरण्याची हार्वर्ड-क्योटो ही पद्धत स्वीकारली. जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी महाभारताचा संगणकीय पाठ तयार केला तो अशाच साध्या आस्की अक्षरांत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात देवनागरी खिळ्यांत सिद्ध केलेली संहिता संगणकावर प्रथम आली ती बिनटिंबाच्या रोमन अक्षरांत, ही ऐतिहासिक गंमत नोंदवण्यासारखी आहे.

इस्की : मराठीचे स्वतःचे कोष्टक

भारतीय लिप्यांचा विचार याच काळात स्वतंत्रपणे चालू होता. कानपूरच्या आयआयटीमध्ये विकसित झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे वाढले. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संकेतप्रणाली (आयएस १३१९४) मान्य केली. तिची रचना तत्त्वतः अत्यंत शुद्ध होती. खालच्या १२८ जागा आस्कीच्या, वरच्या जागा भारतीय वर्णांच्या. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच क्रमांक. 'क' देवनागरीतला असो वा कन्नडमधला, त्याचा क्रमांक १७९. अक्षराचा आकार नव्हे, तर वर्ण साठवायचा, हे तिचे सूत्र होते. जोडाक्षर कसे दिसावे हे दाखवणाऱ्या यंत्राने ठरवावे, साठवणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

'वरकुटे' हे नाव इस्कीत साठवले तर २१२, २०७, १७९, २२१, १८९ आणि २२५ असे सहा आकडे मिळतात. शेवटचा २२५ हा आकडा एकाराच्या मात्रेचा आहे. ही फाइल इस्की न जाणणाऱ्या विंडोज संगणकावर उघडली की पडद्यावर काय दिसते? टोपी घातलेला 'ओ', दोन टिंबांचा 'आय', वर चढवलेला बारीक तीन, तिरक्या रेघेचा 'वाय', अर्ध्याचा अपूर्णांक आणि शेवटी तिरक्या रेघेचा 'ए'. एकाच आकड्यावर इंग्रज गॅझेटियरकाराचा दीर्घ 'आ' आणि वरकुट्याची मात्रा एकत्र आलेली आहे. माहिती जशीच्या तशी आहे, एकही बिट हरवलेला नाही, आणि तरीही वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

इस्कीचे दुखणे तत्त्वात नव्हते, व्यवहारात होते. तिचा मजकूर दाखवण्यासाठी आरंभी जिस्ट कार्ड हे स्वतंत्र उपकरण संगणकात बसवावे लागे आणि पुढे विशिष्ट आज्ञावली लागत असे. सामान्य छपाई व्यावसायिकाला विंडोजवरील प्रचलित पृष्ठरचनेच्या आज्ञावलीत मराठी हवी होती, आणि त्या आज्ञावल्यांना इस्की कळत नव्हती.

फाँटचे दशक

या गरजेतून जो मार्ग निघाला तो कल्पक होता आणि दूरगामी हानीचाही ठरला. संगणकाला आपण इंग्रजी किंवा युरोपीय अक्षरेच लिहीत आहोत असे भासवायचे, मात्र फाँटमध्ये त्या क्रमांकावर मराठी आकृती काढून ठेवायची. संगणकाच्या लेखी ते तिरक्या रेघेचे 'ए' आणि टोपीचे 'ओ' असत, पडद्यावर मात्र मराठी उमटे. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', 'आकृती', सी-डॅकचे स्वतःचे सुरेख इत्यादी फाँट, परदेशस्थ मराठी मंडळींत परिचित झालेला 'शिवाजी' हे सारे याच मार्गाने गेले.

देवनागरीतील जोडाक्षरांची संख्या पाहता दोनशे-सव्वादोनशे घरे अपुरीच होती. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. उभा दंड वेगळा, अर्धे अक्षर वेगळे, मात्रा वेगळी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी अक्षरांचे तुकडे पाडले होते. त्याच विचाराची ही पुनरावृत्ती म्हणता येईल. फरक एवढाच की खिळ्यांचे तुकडे कागदावर एकदा छापले की काम संपत असे, संगणकातील तुकडे पुढेही वापरायचे होते. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, परंतु दिसतो आधी. फाँटच्या पद्धतीत तो दिसतो तसा, म्हणजे आधी, साठवला जाई. अशा मजकुराची अकारविल्हे लावणे अशक्य होते. शब्द शोधणेही त्याच फाँटमध्ये टंकलेखन करणाऱ्यालाच, तेही कसेबसे, शक्य होत असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात नेला की अर्थहीन होई.

यात विशेष चिन्हांच्या जागांचे स्वतःचे स्वभाव आड येत. १६० हा क्रमांक 'न तुटणाऱ्या' रिकाम्या जागेचा आणि १७३ हा ओळ तोडताना दिसणाऱ्या संयोगचिन्हाचा. तेथे मराठी आकृती ठेवली तर काही आज्ञावल्या ती गिळून टाकत. १२८ वर १९९८ मध्ये युरोचे चिन्ह आले. विंडोजवर तयार केलेली फाइल अ‍ॅपलच्या संगणकावर नेली, तर यंत्र तिरक्या रेघेचा 'ए' प्रामाणिकपणे २२५ वरून १३५ वर हलवी आणि मराठी मजकुरातील आकृती नाहीशा होत. शब्दसंपादकाची आपोआप दुरुस्ती तर नित्याचीच डोकेदुखी होती. वाक्यारंभीचे लहान इंग्रजी अक्षर मोठे करणे, सरळ अवतरणचिन्ह वळणदार करणे या इंग्रजीसाठी केलेल्या सोयींनी मराठी शब्दातील अक्षरच बदलून जाई. दोष टंकलेखकाचा मानला जाई, वस्तुतः संगणक त्याला दिलेले कामच करत होता. तो इंग्रजी सुधारत होता.

वृत्तपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके, शोधप्रबंध, कार्यालयीन परिपत्रके असा साधारण १९९० ते २००५ या काळातील मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर या अवस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा होऊ लागल्या आणि 'शोधगंगा' या भांडारात त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. त्यांतील अनेक मराठी प्रबंध वाचता येतात, परंतु त्यातील एखादे गाव शोधू गेल्यास सापडत नाही. परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की टोप्या, टिंबे आणि अपूर्णांक यांची रांग हाती येते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी ही साधी गैरसोय नाही. मोडीतील कागद वाचणारे जाणकार आजही मिळतात. नव्वदच्या दशकातील एखाद्या बंद पडलेल्या फाँटचे कोष्टक मात्र कोणाच्या संग्रही असेलच असे नाही.

युनिकोड आणि कऱ्हा

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने पहिली २५६ घरे आयएसओ ८८५९-१ प्रमाणेच ठेवली, त्यामुळे २२५ कायमचे तिरक्या रेघेच्या 'ए'कडे गेले. देवनागरीला २३०४ ते २४३१ ही १२८ घरे मिळाली आणि त्यांतील क्रम इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेला होता. एकाराची मात्रा २२५ वरून २३७५ वर राहावयास गेली. टिंबाखालच्या 'टी'ला ७७८९ हा क्रमांक मिळाला. वरकुट्याची दोन्ही लेखने प्रथमच एकाच कोष्टकात एकमेकांच्या जागेवर हक्क न सांगता बसली. हे रूप सामान्य संगणकावर दिसण्यासाठी मात्र आणखी एक दशक जावे लागले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा आली आणि तिच्यासोबत सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फाँट घरोघरी पोचला.

मराठीच्या खास गरजा यातून आपोआप भागल्या असे मात्र नाही. बारामती ज्या नदीवर वसली आहे त्या कऱ्हेचे नाव याची साक्ष देते. 'कऱ्हा'मधील अर्धा र हिंदीत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत भेद करणाऱ्या मराठीला तो अपरिहार्य आहे. इस्कीत आणि पुढे युनिकोडमध्ये तो लिहिण्यासाठी नुक्ता असलेल्या 'ऱ' या वर्णाचा आधार घेण्यात आला. हा वर्ण मुळात द्राविडी भाषांतील र देवनागरीत दाखवण्यासाठी होता. म्हणजे येथेही मराठीचा अर्धा र दुसऱ्याच्या घरी राहतो. रोमन लिप्यंतरात हा वर्ण दाखवण्यासाठी 'आर'वर वाटीसारखी खूण देतात. त्या जोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाहीच. ११४ हा 'आर' आणि ७७४ ही खूण असे दोन आकडे एकापुढे एक ठेवावे लागतात. व्यंजनाला मात्रा लावावी तसाच हा प्रकार आहे. रोमन लिपीचे संकेतन अखेर देवनागरीच्या वळणावर आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 'ॲ' या अक्षराला तर २००८ पर्यंत थांबावे लागले. तोवर हिंदीच्या 'ऍ'वर भागवणे भाग होते.

साठवणुकीच्या बाजूनेही जुने चित्र पूर्णतः पुसले गेलेले नाही. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. इस्कीत सहा बाइटांत मावणारे वरकुटे येथे अठरा बाइट घेते. वाचणाऱ्या यंत्राने चुकीचे कोष्टक धरले की हे अठरा बाइट पुन्हा युरोपीय चिन्हांच्या वेषात येतात. प्रत्येक वर्णाच्या आरंभी डावीकडून उतरत्या रेघेचा 'ए' आणि त्याला लागून चलनाचे किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी ती परिचित रांग होय. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे जातात, मराठीची ७०. त्या संदेशांच्या मूळ वर्णसंचात फ्रेंच, इटालियन आणि नॉर्वेजियन विशेष चिन्हे आहेत, देवनागरी नाही.

फाँटचा जुना मोह २०१० मध्ये पुन्हा एकदा दिसून आला. १५ जुलै २०१० रोजी रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले. त्याला युनिकोडमध्ये ८३७७ हा क्रमांक ऑक्टोबरमध्ये मिळाला. मधल्या काळात मंगळूरच्या एका संस्थेने हे चिन्ह ९६ या क्रमांकावर, म्हणजे उतरत्या सुट्या रेघेच्या जागी, बसवलेला फाँट प्रसृत केला आणि तो झपाट्याने पसरला. त्या काळातील कागदपत्रांत आजही रकमेच्या आधी रुपयाऐवजी एक एकाकी तिरकी रेघ आढळते.

जुन्या छापील ग्रंथांचे प्रतिमावाचन करतानाही हीच रेघ आडवी येते. गॅझेटियरच्या यंत्राने वाचलेल्या प्रतींत तिरक्या रेघेचा 'ए' काही ठिकाणी 'आणि' या अर्थाच्या इंग्रजी चिन्हात रूपांतरित झालेला दिसतो, तर काही ठिकाणी 'डी' झालेला दिसतो. १८८५ मध्ये जुळाऱ्याने अचूक बसवलेला दीर्घ 'आ' एकविसाव्या शतकात यंत्राला ओळखता येत नाही. त्यामुळे 'इंदापूर' शोधणाऱ्याला त्या खंडांतील अनेक उल्लेख सापडतच नाहीत.

महसुली नोंदींत या प्रश्नाने वेगळे वळण घेतले आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. तो देवनागरीत असतो. परंतु बँका, विमा आणि केंद्रीय योजनांच्या नोंदींत तेच गाव रोमन लिपीत, टिंबाविना लिहिले जाते, आणि दोन नोंदी एकाच गावाच्या आहेत हे यंत्राला अक्षरांवरून ठरवता येत नाही. त्यात सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातही वरकुटे नावाची गावे आहेत. म्हणून सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात गावाच्या नावाशेजारी स्थानिक शासन निर्देशिकेतील एक आकडी संकेतांक छापण्यात येऊ लागला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या तालुक्यात शेतांना क्रमांक देण्यास आरंभ केला, त्या तालुक्यात आता गावाच्या नावापुढेही क्रमांक लागला आहे.